विद्यार्थी-सेवा : एक अभ्यासविषय

खेड्यातील एखादा विद्यार्थी बारावी उत्तीर्ण होऊन शहरातील महाविद्यालयात दाखल होतो. वर्ग, ग्रंथालय, प्रयोगशाळा यांची सोय तेथे असते. परंतु पहिल्याच सत्रात अपयश आले, वसतिगृहात एकाकीपण जाणवू लागले किंवा शिष्यवृत्ती हाती येण्यास विलंब झाला, तर त्याने कोणाकडे जावे? या प्रश्नाचे उत्तर वेळेवर न मिळाल्यास तो गावी परततो आणि हजेरीपटावरील एक नाव कमी होते.

व्यवसायाचा उदय

अमेरिकेत याच प्रश्नातून एक स्वतंत्र व्यवसाय उदयास आला. विद्यार्थ्यांच्या वर्गाबाहेरील जीवनाकडे लक्ष देण्यासाठी तेथील विद्यापीठे अधिष्ठाता नेमू लागली. अशा महिला अधिष्ठात्यांच्या प्रशिक्षणाची सोय विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमध्ये झाली. विद्यार्थ्याच्या केवळ बुद्धीचा नव्हे, तर संपूर्ण व्यक्तित्वाचा विचार शिक्षणसंस्थेने करावा, अशी भूमिका अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशन या संस्थेने १९३७ मध्ये मांडली.

अभ्यासक्रमाचे स्वरूप

या क्षेत्रातील पदव्युत्तर अभ्यासक्रम सामान्यतः दोन वर्षांचा असतो. कोणत्याही शाखेच्या पदवीधरास त्याकडे वळता येते. युवकांच्या विकासाचे मानसशास्त्र, समुपदेशन, उच्च शिक्षणाचा इतिहास, कायदा, प्रशासन व संशोधनपद्धती हे त्यातील प्रमुख विषय होत. विद्यार्थी शिक्षण का सोडतात, याचे विवेचन व्हिन्सेंट टिंटो यांनी १९७५ मध्ये केले. गळती हा केवळ विद्यार्थ्याचा दोष नसून, संस्थेच्या शैक्षणिक व सामाजिक जीवनाशी तो कितपत समरस होतो यावर त्याचे टिकणे अवलंबून असते, हे त्याचे सार होय.

पुस्तकी ज्ञानाला अनुभवाची जोड आवश्यक मानली जाते. या क्षेत्रासाठी मानके ठरविणाऱ्या, १९७९ मध्ये स्थापन झालेल्या परिषदेच्या मानकांनुसार किमान ३०० तासांचे प्रत्यक्ष काम अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली करावे लागते. वसतिगृह, प्रवेश कार्यालय, समुपदेशन केंद्र ही त्यासाठीची कार्यक्षेत्रे असतात.

आपल्याकडील परंपरा

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी वसतिगृहे व 'कमवा आणि शिका' योजना यांच्या द्वारे गरीब विद्यार्थ्यांना आधार दिला. १९६९ मध्ये राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. राज्याच्या २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमात विद्यार्थी विकास मंडळाची तरतूद आहे. तथापि, महाविद्यालयांत ही जबाबदारी बहुधा एखाद्या अध्यापकाने अध्यापन सांभाळून पार पाडावयाची असते. त्याच्याजवळ आस्था असते. पण आस्थेला शास्त्रशुद्ध प्रशिक्षणाची जोड मिळाली, तरच ती योग्य वेळी योग्य विद्यार्थ्यापर्यंत पोहोचते.

अध्यापकांनी वारंवार गैरहजर राहणाऱ्या विद्यार्थ्याची आपुलकीने विचारपूस करावी. पंचायत सदस्यांनीही आपल्या गावातून महाविद्यालयात गेलेल्या मुलामुलींची माहिती ठेवावी आणि सुटीत त्यांची भेट घ्यावी. विद्यार्थी महाविद्यालयात दाखल होणे जितके महत्त्वाचे, तितकेच त्याचे तेथे टिकून राहणेही महत्त्वाचे आहे.