जुन्या संगणकाला नवे आयुष्य

आमच्या काठीच्या होळीला दूरदूरची माणसे येतात. गेल्या होळीला मामा आले ते एक जुना संगणक घेऊन. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच; म्हणून हा आहेर.

परंतु १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० च्या नेहमीच्या मोफत सुरक्षा-दुरुस्त्या थांबल्या आणि विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ची सोय या यंत्रात नव्हती. नवा संगणक परवडणारा नव्हता. तेव्हा मी लिनक्सकडे वळलो. १९९१ मध्ये फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने तिचा आरंभ केला. आपल्या सी-डॅकची 'बॉस' प्रणालीही तिच्यावरच उभी आहे. मी हलकी 'मिंट एक्सएफसीई' निवडली. पेनड्राइव्हवरून ती आधी चालवून पाहता येते. डिस्कला हात लागत नाही.

धाकट्या भावाचा प्रश्न एकच : "दादा, खेळ चालतील का?" तालुक्याच्या कचेरीत आजीचे भिली बोलणे मी साहेबांना मराठीत सांगतो, तसे 'वाईन' आणि २०१८ मध्ये आलेले 'प्रोटॉन' विंडोजच्या खेळांचे बोलणे लिनक्सला सांगतात. मात्र प्रोटॉनला बहुधा 'वल्कन' जाणणारे ग्राफिक्स कार्ड लागते. आमचे जुने कार्ड ते जाणत नाही. काही ऑनलाइन खेळही लबाडीरोधक व्यवस्थेमुळे लिनक्सवर चालत नाहीत. भाऊ हिरमुसला, पण 'बॅटल फॉर वेसनॉथ' हा मोफत खेळ लिनक्ससाठीही असल्याने दुभाष्यावाचूनच चालला.

आता दिवसा भाऊ लढाया खेळतो, रात्री मी टिपणे लिहितो. मित्रहो, जुने यंत्र भंगारात देण्यापूर्वी त्याची एकदा परीक्षा घ्या. नापास ते नसते, कधी कधी प्रश्नपत्रिकाच बदललेली असते.