चेंडू एकटा येत नाही

क्रिकेटचे मैदान पाहायला निघालेल्या एका सहलीची ही हकिगत आहे. पण सहलीतला पहिला धडा आम्हांला मैदानावर मिळाला नाही, तो रस्त्यावरच मिळाला.

जानेवारीचे दिवस होते. सकाळी मुरबाडहून बस निघाली. शहापूरची मुले वाटेत घ्यायची आणि मुंबई-नाशिक महामार्गाने वासिंद, पडघा, ठाणे करीत मुंबईचे वानखेडे स्टेडियम गाठायचे, असा बेत होता. भाताच्या खाचरांवरचे धुके नुकतेच विरत होते. शहापूरच्या अलीकडे एका वाडीजवळ रस्त्यावर एक रबरी चेंडू टप्पे खात आला. समोर दुसरे कोणी नव्हते. तरीही चालककाकांनी ब्रेक दाबला. बस थांबते न थांबते तोच कुडाच्या आडून पाच-सहा वर्षांचा एक मुलगा धावत आला, त्याने चेंडू उचलला आणि तो आला तसा पळून गेला. बसमध्ये क्षणभर कोणी बोलले नाही.

मग एकाने विचारले, "काका, तो मुलगा तुम्हांला आधीच दिसला होता का?"

"नाही," काका म्हणाले. "पण चेंडू एकटा येत नाही."

हे वाक्य ध्यानात ठेवा. आपण पुन्हा त्याच्याकडे येणार आहोत.

वानखेडे स्टेडियमवर पहिला कसोटी सामना जानेवारी १९७५ मध्ये भारत आणि वेस्ट इंडीज यांच्यात झाला. २ एप्रिल २०११ रोजी भारताने विश्वचषक जिंकला तोही येथेच. आम्ही गेलो त्या दिवशी रणजी सामना चालू होता. प्रेक्षक थोडे होते, म्हणून बॅटचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. थोड्याच वेळात मुलांच्या लक्षात आले की, फटका आधी दिसतो आणि 'टक्' असा आवाज मागाहून येतो. कारण तुम्हांला ठाऊक आहे. हवेत ध्वनी दर सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. फलंदाज आपल्यापासून ८५ मीटरवर असला, तर आवाज पाव सेकंद उशिरा पोचणार. प्रकाशाला मात्र एवढे अंतर कापायला जवळजवळ वेळच लागत नाही.

तेव्हा एका मुलीने फार चांगला प्रश्न विचारला. "प्रकाश डोळ्यांपर्यंत लगेच पोचला, तरी आपल्याला ते लगेच कळते का?"

नाही. डोळ्याच्या दृष्टिपटलावर प्रतिमा पडते, तिचा संदेश मज्जातंतूंतून मेंदूकडे जातो, मेंदू त्याचा अर्थ लावतो, काय करायचे ते ठरवतो आणि मग स्नायूंना आज्ञा सुटते. या सगळ्याला लागणाऱ्या वेळास प्रतिक्रियाकाल म्हणतात. अगदी साध्या कृतीसाठीही तो सुमारे ०.२ सेकंद असतो.

आता फलंदाजाची अडचण पाहा. खेळपट्टीची लांबी २०.१२ मीटर. गोलंदाज आणि फलंदाज यांच्यासमोरच्या रेषांमधले अंतर १७.६८ मीटर. चेंडू ताशी १४० किलोमीटर वेगाने सुटला, म्हणजे दर सेकंदाला सुमारे ३९ मीटर. हे अंतर तो अर्ध्या सेकंदाच्या आतच कापतो. त्यातला ०.२ सेकंद प्रतिक्रियेतच जातो. बॅट फिरवायलाही वेळ हवा. अमेरिकेतल्या बेसबॉलपटूची स्थितीही अशीच. तेथे चेंडू फेकण्याची जागा फलंदाजापासून १८.४४ मीटरवर असते, आणि ताशी १५० किलोमीटरचा चेंडू सुमारे ०.४ सेकंदात येऊन ठेपतो.

मग चेंडू टोलवतात तरी कसा? चेंडू जवळ येईपर्यंत चांगला फलंदाज वाट पाहतच नाही. गोलंदाजाची धाव, त्याचे मनगट, चेंडू हातातून सुटतानाची दिशा यांवरून तो कोठे पडणार याचा अंदाज त्याने आधीच बांधलेला असतो. प्रतिक्रियाकाल सरावाने फारसा कमी होत नाही. पण अंदाज सरावाने सुधारतो.

आमच्या चालककाकांनी नेमके हेच केले होते.

त्यांचे गणित आता आपण करू. मोटार चालवणाऱ्याला धोका ओळखून पाय ब्रेकवर नेईपर्यंत सुमारे १ सेकंद लागतो असे धरू. बसचा वेग ताशी ७२ किलोमीटर असेल, तर दर सेकंदाला २० मीटर. म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वीच बस जवळजवळ एक पूर्ण खेळपट्टी पुढे गेलेली असते! नंतर ब्रेकमुळे तिचा वेग दर सेकंदाला ५ मीटर प्रतिसेकंद या प्रमाणात घटतो असे समजा. थांबायला ४ सेकंद लागतील. या काळात सरासरी वेग १० मीटर प्रतिसेकंद, म्हणून अंतर ४० मीटर. एकूण ६० मीटर, म्हणजे तीन खेळपट्ट्या.

आता वेग निम्मा करा, ताशी ३६ किलोमीटर. पहिल्या सेकंदात १० मीटर. ब्रेक लागल्यावर २ सेकंदांत आणखी १० मीटर. एकूण २० मीटर, एकच खेळपट्टी. वेग निम्मा झाला, पण थांबण्याचे अंतर तिसऱ्या हिश्शावर आले! कारण ब्रेक लागल्यानंतरचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर ब्रेकचा परिणाम निम्मा झाला असे धरले, तर ताशी ७२ किलोमीटरच्या बसला पाच खेळपट्ट्या लागतील. आणि चालकाने २ सेकंद मोबाइलकडे पाहिले, तर दोन खेळपट्ट्या तो आंधळेपणाने जाईल.

करून पाहा

तुमचा प्रतिक्रियाकाल मोजायला ३० सेंटिमीटरची पट्टी पुरे. मित्राला ती वरच्या टोकाशी उभी धरायला सांगा. शून्याची खूण तुमच्या अंगठ्याच्या आणि बोटाच्या मध्ये असू द्या, पण पट्टीला स्पर्श करू नका. मित्राने न सांगता पट्टी सोडावी, तुम्ही ती पकडावी. बोटांजवळचा आकडा वाचा. १० सेंटिमीटर आला तर प्रतिक्रियाकाल ०.१४ सेकंद, १५ आला तर ०.१७, २० आला तर ०.२०, २५ आला तर ०.२३ सेकंद. (अंतर मीटरमध्ये घ्या, त्याच्या दुपटीला ९.८ ने भागा आणि वर्गमूळ काढा.) दहा वेळा करून सरासरी घ्या. नंतर तेराचा पाढा मोठ्याने म्हणत पुन्हा दहा वेळा करा. दोन सरासऱ्यांतला फरक वहीत लिहा. मन दुसरीकडे असण्याची ती किंमत आहे.

शेवटी एक काम. शाळेच्या मैदानावर २० मीटरचे अंतर आखा आणि त्याच रेषेत तीन वेळा मोजून त्या टोकाला एका मुलाला उभे करा. तो किती लांब दिसतो ते पाहा. ताशी ७२ किलोमीटर वेगाने येणारी गाडी इतक्या अंतरावर असेल आणि तुम्ही रस्त्यात पाऊल टाकलेत, तर चालक कितीही कुशल असला तरी ती जेमतेम तुमच्यापाशी येऊन थांबेल. याहून जवळ असेल, तर थांबणारच नाही.

शहापूर काय, मुरबाड काय, आपल्यापैकी अनेकांना शाळेत जाताना मोठा रस्ता ओलांडावा लागतो. चेंडू रस्त्यावर गेला तर त्याच्यामागे धावू नका. प्रत्येक चालक आमच्या काकांसारखा अंदाज बांधणारा असेलच असे नाही.