‘ईडन लेक’ने मला काय शिकवलं

भयपट मी आवडीने पाहते आणि त्यावर मित्रमंडळींशी तावातावाने भांडते. जेम्स वॉटकिन्सचा २००८ सालचा ब्रिटिश चित्रपट ‘ईडन लेक’ मात्र नुसता भांडून संपत नाही. तो पुन्हा पुन्हा पाहून जे हाती लागलं, ते असं.

१. भुताची भीती दिवा लावला की जाते, माणसाची जात नाही. बालवाडीची शिक्षिका जेनी आणि तिला मागणी घालायला अंगठी घेऊन निघालेला स्टीव्ह पाणी भरलेल्या जुन्या दगडखाणीवर सुट्टीला येतात. काठावर पोरांचं टोळकं, कर्कश गाणी, मोकाट रॉटवायलर. स्टीव्ह उठून ‘आवाज जरा कमी करा’ म्हणतो, आणि तिथून सगळं बिघडत जातं. आपणही हेच म्हटलं असतं, म्हणून पोटात गोळा येतो.

२. माघार घेण्यात कमीपणा नाही. गाडीचा टायर फुटतो, तेव्हाच परत फिरता आलं असतं. ‘या पोरांना काय घाबरायचं’ हा हट्ट स्टीव्हला महागात पडतो. तरी दोष त्याचा नाही, हेही तितकंच ठामपणे सांगते.

३. टोळी कशी चालते, हे या चित्रपटाइतकं स्पष्ट मी क्वचितच पाहिलंय. झटापटीत टोळीचा म्होरक्या ब्रेट याची कुत्री मरते आणि तो पिसाळतो. स्टीव्हला काटेरी तारेने बांधून तो चाकू एकेकाच्या हातात देतो. प्रत्येकाने वार करायचा, आणि पेज नावाची मुलगी मोबाइलवर ते टिपणार. टोळीतल्या कूपरकडे नीट बघा. त्याला हे नको असतं, तरी तो करतो. एकदा सगळ्यांचे हात माखले, सगळ्यांचे चेहरे मोबाइलमध्ये आले, की फुटून कोण कुणाला सांगणार? क्रौर्याची हौस एकट्या ब्रेटला असते. बाकीच्यांना त्याची भीती असते. जॅक ओ’कॉनलने ब्रेट असा केलाय की नजर हटत नाही.

४. पोरं हे क्रौर्य घरातूनच उचलतात. सुरुवातीला पबबाहेर एक आई पोराच्या फाडकन थोबाडीत मारते. स्टीव्ह-जेनी बघतात आणि गप्प बसतात. हे दृश्य सहज निसटतं, मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. शेवट सांगत नाही, पण ब्रेटचा बाप दिसला की ब्रेट कळतो.

५. चित्रपट उत्तम असला तरी न्याय्य असतोच असं नाही. २००५ मध्ये इंग्लंडच्या ब्लूवॉटर मॉलने हुडी घालून येण्यावर बंदी आणली होती. गरीब वस्तीतला प्रत्येक पोरगा गुंड, अशी हवा तेव्हा ब्रिटनमध्ये होती. ‘ईडन लेक’ त्याच हवेत बनला. त्यात कष्टकरी घरांतलं एकही मोठं माणूस भलं नाही. लेखक ओवेन जोन्स यांनी ‘चॅव्ज’ या २०११ च्या पुस्तकात यावर कडक टीका केली, आणि मला ती पटते. त्याच वर्षी जो कॉर्निशने ‘अटॅक द ब्लॉक’मध्ये तशाच हुडीवाल्या पोरांना नायक केलं.

हे दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहा, आधी ‘ईडन लेक’. ब्रिटनमध्ये त्याला फक्त १८ वर्षांवरच्यांसाठीचं प्रमाणपत्र आहे, तेव्हा घरातली मुलं झोपल्यावरच लावा.