कॉस्मेटॉलॉजी : पार्लरमागचं विज्ञान

"मॅडम, पार्लरचं शिकायला कॉलेज कशाला लागतं?" एका माजी विद्यार्थिनीच्या आईने मला विचारलं. मुलगी दहावी पास, विज्ञानात बरी. गल्लीतल्या पार्लरमध्ये चार महिने हाताखाली राहिली की शिकेल, असं आईचं म्हणणं. मला तेव्हा नीट सांगता आलं नाही, म्हणून हा लेख.

अमेरिकेत हा विषय कम्युनिटी कॉलेजात शिकता येतो. ही कमी फीची, सरकारी पैशावर चालणारी, मुख्यतः दोन वर्षांची कॉलेजं. एकाच आवारात नर्सिंग, वेल्डिंग आणि कॉस्मेटॉलॉजीचे वर्ग भरतात. कॅलिफोर्निया राज्याचंच बघा. तिथे पैसे घेऊन केस कापायचे तर राज्याचं लायसन्स लागतं. कॉस्मेटॉलॉजीच्या लायसन्ससाठी पूर्वी १६०० तासांचं शिक्षण लागायचं, २०२२ पासून १००० तास पुरतात. त्याच वेळी प्रात्यक्षिक परीक्षाही काढून टाकली, आता फक्त लेखी. तास कमी केले ते ठीक, पण हाताच्या कामाची परीक्षा लेखी घेणं मला काही पटलेलं नाही!

सुरुवातीला विद्यार्थी पुतळ्याच्या डोक्यावर सराव करतात. मग कॉलेजच्याच सलूनमध्ये बाहेरची माणसं कमी पैशात केस कापून घ्यायला येतात, शिक्षक बाजूला उभे असतात.

आता विज्ञान. आपला केस केरॅटिन या प्रथिनाचा. त्याच्या लांब साखळ्या शिडीच्या पायऱ्यांसारख्या गंधकाच्या बंधांनी जोडलेल्या असतात (केस जळला की वास येतो ना, तो या गंधकामुळे). सरळ केस कायमचे कुरळे करताना थायोग्लायकोलेट लावून हे बंध तोडतात, केस रोलरवर गुंडाळलेले असतात, आणि मग हायड्रोजन पेरॉक्साइडने ते नव्या जागी जोडतात. पहिलं द्रावण जास्त वेळ राहिलं तर केस तुटून हातात येतो. पीएच मोजायला इथे शिकावंच लागतं. केसाला साधारण ४.५ ते ५.५ मानवतो, अंगाचा साबण असतो ९-१० च्या आसपास. पट्टीवर एक घर पुढे म्हणजे दहापट फरक, हे आपण शाळेत शिकतो आणि विसरतो.

सगळ्यात महत्त्वाची पॅच टेस्ट. काळ्या हेअर डायमध्ये बहुधा पीपीडी नावाचं रसायन असतं. काहींना त्याची ॲलर्जी असते. चेहरा, पापण्या सुजतात, क्वचित श्वासही अडकतो. म्हणून ४८ तास आधी कानामागे थेंबभर रंग लावून बघायचा. आधी दहा वेळा काही झालं नाही म्हणून अकराव्यांदा होणार नाही, असं नसतं. आणि लक्षात ठेवा, खरी मेंदी लालसर तपकिरी रंगते. लग्नात "काळी मेंदी" म्हणून हातावर काढतात, तिच्यातही अनेकदा हेच पीपीडी मिसळलेलं असतं. चार महिने हाताखाली राहून फेशियल येईल हो, पण हे कोण सांगणार?

अमेरिकेला जायची गरज नाही. आपल्या आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजी हा एक वर्षाचा ट्रेड आहे, दहावी पास मुलींना प्रवेश मिळतो. जवळच्या आयटीआयमध्ये हा ट्रेड आहे का, तेवढं आधी विचारून घ्या.

हे सगळं मी त्या ताईंना परवा सांगितलं. कोर्सचं अजून ठरलेलं नाही. पण पुढच्या वेळी केस रंगवायच्या आधी कानामागे लावून दोन दिवस थांबेन, असं त्या म्हणाल्या.