उपवास, ऊन आणि माहूरचा डोंगर

आमच्या भागात बाईमाणसानं डोंगर चढायचा तो देवासाठी. नुसतं हिंडायला म्हणून डोंगरावर चाललेय असं सांगून घरातून निघालेली बाई मी बासरला तरी पाहिलेली नाही. माहूरला निघालं की मात्र कुणी अडवत नाही, सासूच ओटीचं सामान बांधून देते. वारी, परिक्रमा, शिखरावरचं दर्शन अशा निमित्तांनी आपल्या आज्या-पणज्या मैलोन् मैल चालल्या आणि ते चालणं त्यांच्या अंगी लागलं. कारण एरवीही त्या पायांवरच असायच्या. शेत होतं, विहीर होती, सरपण होतं. आपण वर्षभर बसून असतो आणि नवरात्रात एकदम डोंगराला भिडतो. त्यातून जिवावर कसं बेतू शकतं ते मी जवळून पाहिलं आहे आणि नेमानं चालणाऱ्या बाईला तोच डोंगर काय देतो तेही पाहिलं आहे.

आमचं दुकान बासरला, सरस्वतीच्या देवळाकडं जाणाऱ्या रस्त्यावर. पाटी, लेखणी, हळदकुंकू, नारळ, फुलं. लेकरांच्या अक्षराभ्यासाला हैदराबाद-निजामाबादकडून लोक येतात, तसे धर्माबाद-नांदेडकडूनही येतात. आमचा मुधोळ तालुका १९५६ पर्यंत नांदेड जिल्ह्यातच होता. मग तो आदिलाबादेत गेला आणि २०१६ पासून निर्मल जिल्ह्यात आहे. कागदावरचा जिल्हा बदलत राहिला. घरातली मराठी आणि माहूरची ओढ तशीच राहिली. वसंत पंचमीला तर पहाटेपासून रात्रीपर्यंत गल्ल्यावरून उठणं होत नाही. अशा बसण्यातच माझ्या मोठ्या जाऊबाईंना बीपी लागलं, पुढं शुगर. थोरले दीर गेल्यावर तर त्या दुकानातून घरात आणि घरातून दुकानात, एवढ्याच उरल्या.

त्या वर्षी आठव्या माळेला आम्ही माहूरला निघालो. भैंसा-भोकर-किनवटमार्गे जीप, पहाटे निघूनही पोचेपर्यंत ऊन चांगलंच चढलं होतं. ऑक्टोबरचं ऊन वैशाखासारखं ओरडून सांगत नाही, पण पाऊस नुकताच सरलेला असतो, हवेत ओल असते आणि घाम वाळत नाही. जाऊबाईंना नऊ दिवसांचा उपवास. आठ दिवस चहा, राजगिऱ्याचा लाडू आणि कधी एखादं केळ. सकाळी बीपीची गोळी न विसरता घेतली होती. जीपमध्ये मात्र पाण्याचा घोट घ्यायला तयार नव्हत्या. मी बाटली पुढं केली तर म्हणाल्या, "नको गं, वाटेत उतरायची सोय नाही. दर्शन झालं की पिईन."

रेणुकामातेच्या पायऱ्यांवर नवरात्रात मुंगीला वाट मिळत नाही. तांबूल कुटण्याचा ठकठक आवाज, धूप, उदो उदो. अर्ध्या वाटेवर जाऊबाई मटकन बसल्या. डोळे तारवटले, अंबाडा सुटला आणि त्या गेलेल्या दिरांशी बोलू लागल्या. कुणीतरी म्हणालं, अंगात आलं. क्षणात गर्दी बाजूला झाली. एकीनं कपाळभर कुंकू लावलं, दुसरीनं धूप आणला, दोघी-तिघी तर पाया पडून प्रश्न विचारू लागल्या. तेवढ्यात पायरीवर बांगड्या विकणारी एक म्हातारी उठून आली. तिनं जाऊबाईंच्या गळ्याला हात लावला आणि म्हणाली, "बाई, हे ऊन हाय. सावलीत घ्या हिला." तिनंच आपली कळशी त्यांच्या डोक्यावर ओतली, पदरानं वारा घातला आणि चार पोरांना हाक मारून त्यांना खाली न्यायला लावलं. दवाखान्यात सलाईन चढलं. संध्याकाळी त्या मला ओळखून बोलल्या तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

रेणुकेवर माझी श्रद्धा आहे. अंगात येणं खरं की खोटं ह्या वादात मला पडायचं नाही. मला सांगायचं आहे ते एवढंच, की उपाशी, तहानलेली, उन्हात चढलेली बाई असंबद्ध बोलू लागली तर आधी सावली, मग अंगावर पाणी आणि वारा आणि लगेच दवाखाना. महाराष्ट्रात आणि तेलंगणातही १०८ वर ॲम्ब्युलन्स येते. माणूस पूर्ण शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. अंगातलं उष्णतेचं मान चाळीस अंशांच्या वर गेलं की मेंदूचं काम बिघडू लागतं आणि तिथून पुढं प्रत्येक मिनिट मोलाचं असतं. धूप दाखवण्यात ती मिनिटं घालवू नका. देवी आलेली असेल तर ती दवाखान्यातही सोबत येईल.

डॉक्टरांनी नंतर शांतपणे उलगडून सांगितलं. बीपीच्या काही गोळ्या लघवीवाटे मीठ आणि पाणी बाहेर काढूनच काम करतात. त्यात आठ दिवसांचं अपुरं खाणं, पाणी जवळजवळ नाही आणि वरून घाम. ह्यातली एखादी गोष्ट शरीर निभावून नेतं, पण इथं सगळ्या एका दिवशी एकत्र आल्या. शुगरच्याही काही गोळ्या, ग्लिमेपिराइडसारख्या, उपाशीपोटी साखर धोक्याइतकी खाली आणतात, आणि साखर उतरली की माणूस तसाच बरळतो. म्हणून शुगरच्या माणसाच्या खिशात खडीसाखर हवीच. आपल्या मनानं गोळी बंद करणं हा काही उपाय नाही. उपवासाच्या दिवसांत कोणती गोळी, किती आणि केव्हा, हे डॉक्टरांनीच ठरवायचं.

आणि पाणी. बाया पाणी का पीत नाहीत हे पुरुषांनी समजून घ्यावं असं मला फार वाटतं. वाटेत आडोसा नाही, पेट्रोल पंपावरच्या संडासाला कुलूप, म्हणून बाई सकाळपासून तोंड कोरडं ठेवते. गाडी ठरवणाऱ्यानं थांबा कुठं घ्यायचा हे निघण्याआधी ठरवलं आणि सगळ्यांना सांगितलं, तर बायका पाणी पितील. आम्ही आता तसंच करतो. उपवासाला शेंदेलोण चालतं, म्हणून शेंदेलोण घातलेलं ताक सोबत असतं. ज्यांना उपवास नाही त्यांच्यासाठी घरचं साखर-मीठ पाणी: एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. ज्यांना डॉक्टरांनी मीठ किंवा साखर कमी सांगितली आहे त्यांनी हेही आधी विचारून घ्यावं.

त्या प्रसंगानंतर घरच्यांचं म्हणणं पडलं, आता डोंगर बंद. मला ते पटलं नाही. जाऊबाईंना डोंगरानं पाडलं नव्हतं, उपास-तहानेनं आणि वर्षभराच्या बैठकीनं पाडलं होतं. लंडनमध्ये जेरेमी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी १९५३ साली दुमजली बसवरच्या माणसांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा, त्याच बसच्या जिन्यावर खालीवर करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होता. म्हणजे आमचा गल्ला ही ड्रायव्हरची सीट. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान दीडशे मिनिटं चालण्यासारखा व्यायाम सांगते, आणि उतारवयात तोल सांभाळायची सवयही. खडकाळ वाटेवर हे दोन्ही एकदमच होतं. प्रत्येक पाऊल वेगळं पडतं, घोटा सावध राहतो, हाडांवर भार येतो. पाळी गेलेल्या बायकांना हाडांवरचा तो भार फार उपयोगाचा.

मग आम्ही दोघींनी सुरुवात केली. शुक्रवार-रविवार दुकानात गर्दी, म्हणून बुधवार मोठ्या चालण्याचा आणि बाकीचे दिवस उजाडता उजाडता गोदावरीच्या घाटापर्यंत. आधी नुसता सपाट रस्ता, मग व्यासगुहेचा चढ, मग गावाबाहेरची टेकाडं. पहिल्या चढाला जाऊबाई दर वळणावर थांबायच्या आणि मी थांबू द्यायची. चालताना बोलता यावं, गाणं म्हणता येऊ नये, एवढाच वेग ठेवायचा, ही खूण डॉक्टरांनी दिली होती आणि ती घड्याळापेक्षा बरी आहे.

शरीराला काय मिळालं ते सांगायला दवाखान्याचे कागद आहेत: शुगर उतरली, बीपीची एक गोळी डॉक्टरांनी कमी केली. पण मला जास्त मोलाचं वाटतं ते दुसरंच. दीर गेल्यापासून जाऊबाई त्यांच्याबद्दल एक शब्द बोलल्या नव्हत्या. एका सकाळी घाटावरून परत येताना त्या आपणहून त्यांच्या शेवटच्या दिवसांचं बोलू लागल्या आणि घर येईपर्यंत थांबल्या नाहीत. बाजूबाजूनं चालताना एकमेकींच्या तोंडाकडं बघावं लागत नाही, हात रिकामे असतात, ऐकणारं तिसरं कुणी नसतं, म्हणून बोलणं सुटतं. त्या रात्री त्या झोपेच्या गोळीशिवाय झोपल्या. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली दाखवलं की झाडांमधून दीड तास चालून आलेल्या माणसांच्या मनातलं तेच ते उगाळणं कमी होतं. गाड्यांच्या रस्त्याकडेनं तेवढाच वेळ चाललेल्यांत तसा फरक दिसला नाही. ज्याचं मन एकाच दुःखाभोवती फिरत राहतं, त्याला दार उघडून बाहेर काढा. औषधं चालू असतील तर ती चालूच राहू देत, चालणं त्यांच्या जोडीला आहे.

उतरण्याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण लोक चढाला घाबरतात आणि दुखापती उतरताना जास्त होतात. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जाता जाताच ब्रेक लावत असतो. सवय नसलेल्या माणसाच्या मांड्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अशा भरून येतात की जिना उतरवत नाही. पण तोच स्नायू एकदा ह्यातून गेला की पुढचे काही आठवडे तेवढ्याच उताराला फारसा दुखत नाही. म्हणूनच वर्षातून एकदाचा डोंगर छळतो आणि पंधरा दिवसांनी एकदाचा डोंगर घडवतो. ऑस्ट्रियात एका अभ्यासात काही माणसांना काही आठवडे नुसतं चढायला लावलं आणि खाली रोपवेच्या पाळण्यातून आणलं, मग उलट, नुसतं उतरायला लावलं. चढण्यानं रक्तातली चरबी सुधारली आणि उतरण्यानं शरीराची साखर पचवण्याची ताकद वाढली. तेव्हा शुगरवाल्यांनी उताराला भिऊ नये, पण पावलं लहान टाकावीत, गुडघे किंचित वाकलेले ठेवावेत आणि हातात काठी घ्यावी. काठीनं गुडघ्यावरचा भार खरोखर हलका होतो.

आमच्याकडच्या कुंटालाच्या धबधब्याला मात्र आधी चढ, मग उतार हा क्रम उलटा आहे. तिथं ताज्या पायांनी आधी पायऱ्या उतरायच्या आणि दमल्यावर चढायच्या. खाली पोचल्यावर अर्धी ताकद उरेल ना, हे बघूनच उतरा, आणि कुंडात पोहायला जाऊ नका, तिथं माणसं बुडाली आहेत.

अनवाणी चालण्याचा नवस असतो. शुगर असलेल्या अनेकांच्या तळपायाची जाणीव कमी झालेली असते, काटा रुतला तरी कळत नाही आणि तापलेला दगड भाजतो तेही कळत नाही. अशांनी देवीची क्षमा मागून चपला नव्हे, मागून बंद असलेले बूट घालावेत आणि रात्री दिव्याखाली तळवे बघावेत. आमच्या जाऊबाईंनी नवस बदलून घेतला: अनवाणी नऊ दिवसांऐवजी वर्षभर रोजचं चालणं. माझ्या मते हा नवस मोठा आहे.

पुढच्या नवरात्रात आम्ही पुन्हा माहूरला गेलो. आदल्या रात्री मुक्काम, पहाटे गार हवेत चढ, उन्हं तापायच्या आत खाली. उपवास होता, पण दूध, ताक, फळं, भगर असं पोटभर, आणि गोळ्यांचं वेळापत्रक डॉक्टरांनी लिहून दिलेलं. जाऊबाई माझ्या पुढं होत्या. बांगड्यावाल्या म्हातारीला शोधून त्यांनी तिची ओटी भरली. आता त्यांना कळसूबाईला जायचं आहे. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, १६४६ मीटर, आणि वर देवीच आहे, त्यामुळं घरातून परवानगीचा प्रश्न नाही. बासरहून देवगिरी एक्सप्रेसनं इगतपुरी आणि तिथून घोटीमार्गे पायथ्याचं बारी गाव. त्यासाठी आमची टेकाडं वाढवणं चालू आहे.

वाचणाऱ्या बायांनो, घटस्थापनेला अजून वेळ असेल तर आजच संध्याकाळपासून चालायला लागा, रोज अर्धा तास पुरे. तुमच्यासोबत तुमची जाऊ, नणंद, शेजारीण, जी कुणी घरात बसून आहे तिला घ्या. आणि डोंगराला निघायच्या आठवडाभर आधी गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून डॉक्टरांकडं जा आणि त्यांना स्पष्ट सांगा: मला उपवास आहे आणि मी डोंगर चढणार आहे.