सिमेंटविना काँक्रीट

शुद्ध चुनखडी भाजली, की दर १०० किलोंमागे ४४ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. सिमेंट करताना हेच घडते. मग सिमेंटविना खडी-वाळू सांधता येईल काय? येते. औष्णिक वीजकेंद्रातील राखेत कॉस्टिक सोडा व सोडियम सिलिकेट यांचे द्रावण मिसळले, म्हणजे सिलिकॉन, अ‍ॅल्युमिनियम व ऑक्सिजन यांची घट्ट जाळी बनते.

तिचे बळ तुम्हीच काढा. समजा, १५० मिलिमीटर बाजूचा ठोकळा दाबयंत्रात ९०० किलोन्यूटन भाराखाली फुटला. क्षेत्रफळ २२,५०० चौरस मिलिमीटर. म्हणजे चौरस मिलिमीटरला ४० न्यूटन. नेहमीच्या चांगल्या काँक्रीटइतकेच! ताणले मात्र, की सुमारे दहाव्या हिश्शातच तडा. तेव्हा लोखंडी सळई येथेही सुटत नाही. नुसत्या राखेचे मिश्रण फार सावकाश आळते, म्हणून ते बहुधा ६० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवतात. झोतभट्टीची मळी घातल्यास हा खटाटोप वाचतो.