चरक, काहील आणि फॉन्ट

सातारा-सांगलीकडे राहत असाल तर गुऱ्हाळ तुम्ही पाहिले असेलच. गूळ करायला चरक हवा, काहील हवी, मळी काढायला भेंडी हवी; गूळ खाणाऱ्याला यांतले काहीच लागत नाही. संगणकाच्या आज्ञावल्यांचेही असेच आहे.

मराठी अक्षरे दाखवणारा 'लोहित देवनागरी' हा मुक्त फॉन्ट घ्या. रेड हॅटने लोहित फॉन्ट २००४ साली खुले केले. वापरणाऱ्याला तयार फाइल पुरते. मूळ आराखड्यातून ती घडवायला मात्र 'फॉन्टफोर्ज' हे अवजार लागते. डेबियन या लिनक्स वितरणात अशा अवजारांची नावे पॅकेजाच्या 'कंट्रोल' फाइलीत, 'बिल्ड-डिपेंड्स' या शब्दांपुढे लिहितात.

एखादे नाव राहिले तर? गंमत अशी, की पॅकेज करणाऱ्याच्या संगणकावर ते अवजार आधीच असते, म्हणून चूक त्याला दिसतच नाही! यासाठी बांधणी कोऱ्या जागी करून पाहतात. तेथे मोजकी मूलभूत अवजारे आणि यादीतली, एवढीच असतात. फॉन्टफोर्ज नसेल तर 'आज्ञा सापडली नाही' असे सांगून काम थांबते. मग ते कोणत्या पॅकेजात आहे हे 'ॲप्ट-फाइल'ने शोधायचे, यादीत लिहायचे आणि पुन्हा बांधायचे. पुष्कळदा लगेच दुसरे नाव गळलेले निघते, चिकाटी हवी. कारण मुळापासून न बांधता येणारे पॅकेज डेबियनच्या पुढच्या आवृत्तीतून वगळले जाऊ शकते.